घरी करून खरंच पैसे वाचतात का? वस्तूगणिक हिशेब हवाय

जुळेसोलापुरी
मंडळी, सध्या मोबाईल उघडला की एक व्हिडिओ ठरलेला: शाम्पू घरी करा, साबण घरी करा, पनीर घरी करा आणि महिन्याला हजारो वाचवा. आमच्याकडे नवरा-बायको दोघंही नोकरीला, मुलगी दहावीला, सासूबाईंना हौस आहे पण गुडघे साथ देत नाहीत. "वाचतात" म्हणणारे लोक गॅस, लाईट आणि राबणारे हात मोजतच नाहीत असा मला दाट संशय आहे. दुसरीकडे सगळंच पाकिटातलं आणणंही परवडेना झालंय.

तर नुसतं "घरचं ते घरचं" नको. कोणती वस्तू घरी करता, ती का परवडते किंवा का परवडत नाही, ते लिहा. खायची असो नाहीतर फरशी पुसायची. आणि सोलापूरच्या हिशेबानं लिहा. पुण्या-मुंबईचे भाव वेगळे, ऊन वेगळं, पाणी तर त्याहून वेगळं.

बाळीवेसकर
दही. संपला विषय.

हिशेबनीस
असं एका शब्दात उरकू नका हो बाळीवेसकर, त्यांनी हिशेब मागितलाय.

एक लिटर दुधाचं साधारण एक किलो दही होतं. विरजण चमचाभर. दूध तर तसंही तापवतोच, म्हणजे गॅसचा खर्च वेगळा धरायला नको. दह्याचा भाव तोच दुधाचा भाव. विकतच्या दह्यात वरचे पैसे डब्याचे आणि गाडीभाड्याचे.

पनीरचं गणित मात्र उलटं. म्हशीच्या एक लिटर दुधातून दोनशे ग्रॅमच्या आसपास पनीर सुटतं, गाईच्या दुधातून त्याहून कमी. म्हणजे किलोला पाच लिटर दूध. लिटरला सत्तर धरा, साडेतीनशे रुपये दुधातच गेले. सुटं पनीर त्याच्याच जवळपास मिळतं. घरी करायचं तर भेसळीच्या भीतीनं करा, पैशासाठी नको. निवळीत कणीक मळली किंवा कढी केली तर थोडं वसूल.

तूप: रोजची साय साठत असेल तर जवळजवळ फुकट. बाजारातून लोणी आणून कढवणार असाल तर काहीच सुटत नाही, लोण्यातलं पाणी उडून जातं आणि वजन घटतं.

सुगरण_नाही
सोलापुरात एप्रिल-मे मध्ये दही "लावावं" लागतं होय? दुधाकडे नुसतं बघितलं तरी लागतं 😄 दुपारी लावू नका एवढंच सांगते. रात्री लावा आणि पहाटे उठल्या उठल्या फ्रीजमध्ये टाका, नाहीतर ताकच करावं लागेल.

गल्लीतला_गण्या
एवढे लोक येऊन गेले आणि शेंगाचटणीचं नाव नाही? सोलापूरकर म्हणवता बे? काय करलालाव सगळे?

जुळेसोलापुरी
गण्याभाऊ, तिथंच तर घोडं अडलंय. दुकानातली आणि घरची, भावात फरक दिसतो. पण घरी मिक्सरमध्ये केली की तिचा कूट होतो. चटणी होत नाही.

मंगळवारपेठेची_अक्का
मिक्सरमध्ये कूटच होणार बाई. शेंगदाणा कापला गेला की कूट, चेचला गेला की चटणी. उखळात मुसळ पडतं तसं दाण्यातलं तेल हळूहळू सुटतं आणि लसूण, तिखट, मीठ, जिरं त्या तेलात मुरतं. चांगली चटणी मुठीत दाबली की तिचा मुटका राहिला पाहिजे आणि बोटांना तेल लागलं पाहिजे. वरून तेल ओतायचं नाही.

कृती नीट सांगते. दाणे मंद आचेवर भाजायचे, घाई करायची नाही. काळे डाग पडले की चटणी कडवट. गार झाले की सालं चोळून पाखडायची. आधी लसूण, मीठ, जिरं कुटून घ्यायचं, मग तिखट, मग दाणे थोडे थोडे. किलोभर दाणे भाजून, सोलून नऊशे ग्रॅमच्या आसपास उरतात असं गृहीत धर, लसूण-तिखटानं वजन परत भरून निघतं.

उखळ नसेल तर मिक्सर एकदम फिरवू नको. बटण दाबायचं, सोडायचं, चमच्यानं खालचं वर करायचं, परत दाबायचं. सलग फिरवलं तर गरम होऊन गोळा होतो आणि लसणाला उग्र वास येतो.

गल्लीतला_गण्या
अक्का, मिक्सरची सूट देऊन तुम्ही आज माझं मन मोडलं.

मंगळवारपेठेची_अक्का
तू ये कुटायला, मी मिक्सर माळ्यावर टाकते.

हिशेबनीस
आकडे टाकतो. आमच्या दुकानात चांगला दाणा एकशे तीस-चाळीस रुपये किलो. लसूण स्वस्त असेल तेव्हा तिखट, मीठ, जिरं, गॅस सगळं धरून घरची चटणी किलोला दोनशेच्या आत बसते. नावाजलेल्या ठिकाणची तयार चटणी त्याच्या दीडपट ते दुप्पट. फरक खरा आहे. फक्त लसूण चारशे रुपये किलो झाला की हिशेब कोलमडतो, तेव्हा लसूण कमी, जिरं जास्त.

नर्सबाई
एक महत्त्वाचं. स्वस्त मिळतात म्हणून सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे दाणे चटणीत ढकलू नका. शेंगदाण्यावरच्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन तयार होतं, ते यकृताला वाईट आणि भाजण्यानं पूर्ण जात नाही. तिखट-लसणात चव लपते म्हणूनच जास्त जपायचं. दाणे ताटात पसरून निवडा.

तसंच आलं-लसूण पेस्ट. घरी करणं नक्कीच स्वस्त, पण तेलात बुडवून ओट्यावर ठेवू नका. हवा न लागणाऱ्या तेलाखाली लसणात विषारी जिवाणू वाढू शकतात. फ्रीजमध्ये ठेवून आठवड्यात संपवा, नाहीतर बर्फाच्या साच्यात गोठवा.

पूर्वभागातली
वाचतेय सगळं. अक्का, कृती तर सुंदरच. पण "घरी करायला काय लागतं, हातच तर लागतात" हे वाक्य लहानपणापासून ऐकत आले आणि ते आमच्या भागात खरं नाही.

माझी अम्मा विड्या वळते. हजार विड्यांवर मजुरी. पान भिजवायचं, मापानं कात्रीनं कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा, जुड्या करायच्या, मग कारखान्यात नेऊन द्यायच्या. तिथं खराब म्हणून बाजूला काढतात त्या हातच्या गेल्या. तिनं दुपारभर पापड लाटले तर तेवढ्या विड्या कमी भरतात आणि आठवड्याच्या पगारात ते सरळ दिसतं. अम्माच्या हाताला भाव आहे, कमी असला तरी आहे. म्हणून पापड आमच्याकडे विकत येतात. कडक भाकरीसुद्धा विकत.

मग घरी काय होतं? इडलीचं पीठ. तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद, चमचाभर मेथी. भिजत ते स्वतः, आंबतं ते स्वतः, माणूस मध्ये पंधरा-वीस मिनिटं लागतं. आवकाय, म्हणजे आमचं कैरीचं लोणचं, तेही घरी होतं, कारण वर्षातून एकदा, आणि अत्तम्मा, पिन्नी, शेजारच्या सगळ्या मिळून कैऱ्या फोडतात.

तर माझं म्हणणं, वस्तू तयार व्हायला किती वेळ लागतो ते बघू नका. हात किती वेळ अडकतो ते बघा. दह्याला आठ तास लागतात आणि हात दोन मिनिटं. पापडाला उलटं.

जुळेसोलापुरी
हे मला हवं होतं! हात किती वेळ अडकतो. या मापानं सगळी यादी परत बघायला पाहिजे.

बाळीवेसकर
पूर्वभागातली, पटलं. दही मात्र जिंकलं याची नोंद घ्या.

विजापूररोडचा_सचिन
घरवापराच्या वस्तूंवर या की. बायकोनं व्हिडिओ बघून खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून "सुपर क्लीनर" केलाय. फसफसतो जोरात. चालतो का हो?

रसायनवाले_सर
फसफसतो म्हणजे संपतो. सोडा आम्लारी, व्हिनेगर आम्ल. दोघं भिडले की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरतं खारट पाणी. तुंबलेल्या जाळीत ओतल्यावर त्या फसफसण्यानं थोडा कचरा हलेल इतकंच. वेगवेगळे वापरा. नळावरचे, बादलीवरचे पांढरे क्षार व्हिनेगरनं किंवा लिंबानं जातात. तेलकट ओट्याला सोडा.

आता कान उघडे ठेवून ऐका. ब्लीचिंगचं पाणी आणि टॉयलेटचं ॲसिड कधीच एकत्र करू नका. क्लोरीन वायू सुटतो. बंद मोरीत जीवावर बेतेल. "जास्त स्वच्छ होईल" म्हणून दोन्ही ओतणारे लोक मी पाहिलेत.

कपड्यांची पावडर घरी करायची असेल तर आपल्या बोअरच्या पाण्याचा विचार करा. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम भरपूर, त्यामुळे साधा साबण फेस करण्याऐवजी त्या क्षारांबरोबर चिकट साय करतो. तीच कपड्यांवर बसते आणि बनियन वर्षभरात पिवळट-राखाडी. म्हणून आधी धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवायचा, तो क्षार खाली बसवतो, मग साबण लागू पडतो. धुण्याचा सोडा वेगळा, खाण्याचा वेगळा. धुण्याचा सोडा हाताला झोंबतो, हातमोजे घाला, लोकरी-रेशमी कपड्यांना लावू नका.

रिठ्याचा फेस मात्र जड पाण्यातही येतो. त्यातलं सॅपोनिन साबणासारखं क्षारांना चिकटत नाही. इरकल, पैठणी असेल तर रिठाच.

कन्ना_चौक_कट्टा
सर, साबण घरी करायचा कोर्स करावा म्हणतो. कॉस्टिक मिळतं कुठं?

रसायनवाले_सर
आधी हिशेब ऐका, मग दुकान विचारा. एक किलो खोबरेल तेलाला १७५ ते १८० ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. प्रत्येक तेलाचं प्रमाण वेगळं, अंदाजपंचे चालत नाही. कॉस्टिक पाण्यात टाकायचं, पाणी कॉस्टिकवर ओतायचं नाही, उसळून अंगावर येतं. ॲल्युमिनियमचं पातेलं चालत नाही, त्याला ते खाऊन टाकतं आणि हायड्रोजन सुटतो. चष्मा, हातमोजे, पोरं लांब. वडी पाडल्यावर चार ते सहा आठवडे सुकवायची.

आणि एवढं करून? हल्लीच्या खोबरेलच्या भावात वडी बाजारातल्या साध्या साबणापेक्षा महाग पडते. छंद म्हणून करा, बचत म्हणून नको.

कन्ना_चौक_कट्टा
कोर्स रद्द. फी वाचली, म्हणजे पहिली बचत झाली.

होटगीरोड_वहिनी
पूर्वभागातलीच्या मापात बसणारी एक वस्तू सांगते. फरशी पुसायचं आंबवलेलं पाणी. संत्र्या-मोसंबी-लिंबाच्या साली तीन भाग, गूळ एक भाग, पाणी दहा भाग. प्लास्टिकच्या मोठ्या बरणीत, वर मोकळी जागा ठेवून. पहिला महिना रोज झाकण सैल करून हवा सोडायची, विसरलात तर बरणी फुगते. काचेची बरणी अजिबात नको. तीन महिन्यांनी गाळून पाण्यात मिसळून फरशीला. रसवंतीवाला लिंबाच्या साली फुकट देतो. फक्त दवाखान्यासारखं जंतू मारतं वगैरे दावे मी करणार नाही. फरशीला वास छान येतो, चिकटपणा जातो.

आणि पुसायला आरओचं वाया जाणारं पाणी. आपल्याकडे नळ चार-चार दिवसांनी येतो, ते गटारात सोडणं पाप आहे. क्षार जास्त असतात म्हणून गडद फरशीवर पांढरे डाग दिसतील, अंगण आणि मोरी धुवायला उत्तम.

सुगरण_नाही
वहिनी, उजनी धरण भरलं तरी आपला नळ चार दिवसांनीच का, यावर वेगळा धागा काढा. मी येते.

गल्लीतला_गण्या
तो धागा काढला की पाण्यासारखा चार दिवसांनी उघडेल.

नवीपेठ_काका
विषय पुसण्यावर आलाच आहे तर पोछा विकत का घेता? चादरी-टॉवेलच्या गावात राहता ना? सेकंड मालाचे टॉवेल वजनावर मिळतात, कुठं धागा ओढलेला, कुठं रंग चुकलेला. अंग पुसायला तेच, विरले की हात पुसणी, मग पोछा, मग गाडी पुसायला. आमच्या आईनं जुन्या नऊवारींच्या वाकळा शिवल्या, मध्ये फाटक्या चादरीचा थर. आज तशी वाकळ शिवून घ्यायला बाई सापडत नाही आणि सापडली तर ती मागेल ती मजुरी योग्यच आहे.

अक्कलकोटची_लेक
काका, आमच्याकडे अजून वाकळा शिवतात. उन्हाळ्यात गच्चीवर घालून झोपायला तिच्यासारखं काही नाही. माझ्या नणंदेनं पुण्यात गोधडी म्हणून केवढ्याला घेतली ते सांगितलं तर आई रुसेल की आपण पोत्यावर कशा टाकून ठेवल्या.

दातवाला
कुणी राखेचं दंतमंजन सुचवायच्या आत मी सांगून टाकतो: नको. राख, मीठ, कोळसा दातावरचं आवरण घासून काढतात. पांढरे दिसतात कारण झिजतात. टूथपेस्टचे पैसे वाचवून माझ्याकडे आणून द्यायचे असतील तर स्वागत आहे.

बाळीवेसकर
प्रामाणिक धंदेवाईक पहिल्यांदाच पाहिला.

मंगळवेढ्याचा_शेतकरी
तुम्ही सगळे चमच्यानं वाचवताय. पोत्यानं वाचवा की. रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चला निघते. तेव्हा वर्षाची मालदांडी भरून ठेवा, शक्यतो ओळखीच्या शेतकऱ्याकडून. कडक ऊन द्या, दाताखाली दाणा कट्‌कन तुटला पाहिजे. कोठीत कडुनिंबाचा वाळका पाला. गव्हाला, डाळींना एरंडेल चोळा.

ज्वारीचं तयार पीठ पाकिटातून घेणाऱ्यांना हात जोडतो. आधीच जुनं, विरी गेलेलं. भाकरी थापताना चिरा पडतात आणि बाया म्हणतात मला भाकरी जमत नाही. तुम्हाला जमते, पिठाला जमत नाही. आठ-दहा दिवसांपुरतं गिरणीतून दळून आणा.

हिशेबनीस
हे खरं मोठं कलम आहे. फक्त एकदम पैसे घालायला लागतात, तेच अवघड. आमच्या अपार्टमेंटमध्ये तीन घरांनी मिळून पोती घेतली आणि पैसे हप्त्यानं दिले. शेतकऱ्यालाही दलालापेक्षा बरा भाव मिळाला.

पूर्वभागातली
आठवड्याच्या पगारावर चालणारं घर पोतं कसं घेणार, हा प्रश्न आहेच. पण तीन घरं मिळून ही युक्ती अम्माला सांगते. तिच्या भिशीतून होईल.

वाळवणप्रेमी
पापड "परवडत नाही" यावर माझा आक्षेप. सोलापूरचं त्रेचाळीस-चव्वेचाळीसचं ऊन फुकट आहे, दुसऱ्या कुठल्या गावात दोन दिवसांत सांडगे खडखडीत होतात? लाटायचे पापड सोडा, मान्य. पण सांडगे, ज्वारीच्या पापड्या, कुरडया यांना लाटणं नाही. मुगाची डाळ भिजवून वाटली, तिखट-मीठ-जिरं घातलं, प्लास्टिकवर चिमटीनं तोडली, झालं. पावसाळ्यात भाजी महागली की सांडग्यांची आमटी तीन वेळचं भागवते. वर पातळ ओढणी टाका, आपल्याकडे धूळ उन्हाहून जास्त.

पूर्वभागातली
सांडगे मान्य. गच्ची असेल तर. विडी घरकुलात गच्चीवर टाक्या आहेत आणि माकडं आहेत.

वाळवणप्रेमी
माकडांवर माझ्याकडे उत्तर नाही.

जुळेसोलापुरी
दोन दिवसांनी उघडलं तर केवढं वाढलंय! सगळ्यांचे आभार. दही, इडलीपीठ, आंबवलेलं पाणी लगेच सुरू. ज्वारीसाठी खालच्या मजल्यावरच्यांशी बोलले. साबण, पनीर यादीतून गेले. सासूबाईंनी धागा वाचून घेतला माझ्याकडून आणि त्यांचा एकच प्रश्न आहे: वर्षाचं काळं तिखट कुणीच कसं लिहिलं नाही? त्यात हात अडकतो खूप, पण विकतच्याची चव त्यांना चालत नाही. मिरचीचे देठ काढण्यातच दोन दुपारी जातात.

मंगळवारपेठेची_अक्का
सासूबाईंना माझा नमस्कार सांग. तिखट करायचंच. हात अडकायला नको असेल तर देठ काढलेली मिरची घे, किलोमागे थोडी महाग पडते पण तुझ्या दोन दुपारी वाचतात. रंगाला ब्याडगी, तिखटपणाला गुंटूर किंवा लवंगी, घरच्यांच्या पोटाप्रमाणे. दोन उन्हं कडक द्यायची. खोबरं, धने, कांदा, लसूण, दगडफूल आणि बाकीचा गरम मसाला वेगवेगळा तळायचा-भाजायचा, कांदा अगदी कुरकुरीत, ओलसर राहिला की बुरशी. कुटायला कांडपावर न्यायचं, घरी मिक्सर जाळू नको. आणि कांडपावर पुढे उभी राहा, आधीच्या बाईचा मसाला यंत्रात उरलेला असतो. बरणीत दाबून भरायचं, मध्ये हिंगाचे खडे.

सासूबाई खुर्चीत बसून मसाला निवडू शकतात, गुडघे लागत नाहीत. विचार त्यांना.

जुळेसोलापुरी
विचारलं. म्हणाल्या, निवडते, पण दगडफूल मी सांगेन त्याच दुकानातलं.

गल्लीतला_गण्या
मार्च संपायच्या आत जा बे कांडपावर. एप्रिलमध्ये गेलात तर पहाटे पाचला पिशवी रांगेत ठेवायला लागते. आणि अक्का, उखळ कधी बाहेर काढलालाव? रविवारी रिकामा आहे मी.

मंगळवारपेठेची_अक्का
ये. दाणे निवडून ठेवते. येताना लसूण घेऊन ये, सोललेला.